कुंडावरची काकाकुवा

गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्या बायकांना आधी भेटायची तिकिटाची खिडकी, आणि तिथून आत वळलं की काकाकुवा. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी तिच्या तोंडी ‘का’ इतक्यांदा असायचा की गल्लीतल्या मुलांनी हे नाव ठेवून दिलं, आणि वय वाढून ती सगळ्यांची काकू झाली तेव्हा ते तिला आणखीच शोभायला लागलं. तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. पोपटाच्या जातीतला पक्षी निदान डोकं तरी चालवतो, असं ती म्हणायची.

तिचे वडील एका मोठ्या धुलाईघरात बॉयलरवर होते. झाकण थरथरतं का, नळी गरम झाली की ठकठक वाजते का, असं विचारलं की ते कधी उत्तर देत नसत. ‘बघ आणि मलाही सांग,’ म्हणत. सातवीनंतर शाळा सुटली, पण ही सवय सुटली नाही. पुढे लग्न झालं ते बसच्या ड्रायव्हरशी. त्याची बस रोज तीन वेळा प्रवाशांना कुंडापर्यंत आणून सोडायची. त्याची धाकटी बहीण तिथंच तिकीटखिडकीवर बसायची. सामानघरातली आधीची बाई काम सोडून गेली तेव्हा नणंदेनं वहिनीचं नाव पुढे केलं, आणि नंतर कित्येक वेळा कपाळाला हात लावला.

काम तसं सोपं होतं. बायकांनी आपले कपडे, पर्स, चपला वेताच्या टोपलीत ठेवायच्या, काकूकडून नंबरचा पितळी बिल्ला घेऊन मनगटाला बांधायचा, कुंडावरचा आखूड सुती झगा घालायचा आणि आत जायचं. भिंतीवर अकरा नियमांची पाटी होती. साबण लावून बाहेरच्या नळावर अंघोळ करावी. मगच कुंडात उतरावे. केस बांधावेत. टॉवेल पाण्यात बुडवू नये. डोके पाण्याखाली नेऊ नये. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. मोठ्याने बोलू नये. असं करत अकरापर्यंत. एकाही नियमाखाली ‘का’ नव्हतं, आणि काकूला जेवणात मीठ नसल्यासारखं वाटायचं.

प्रवासी बायका तर विचारणारच. अंघोळ करायलाच आलोय, मग अंघोळीच्या आधी अंघोळ कशाला? आधीची बाई पाटीकडे बोट दाखवायची. कुंडाच्या व्यवस्थापकांचं म्हणणंही तेच, की नियम म्हणजे नियम. काकूला मात्र असं सांगताना आपण काहीतरी लपवतोय असं वाटे. म्हणून तिनं एकेका नियमाचा माग काढायला घेतला.

सोमवारी कुंड बंद असायचं. पाणी सोडून देऊन तळ घासायचे. त्या दिवशी तिला सुट्टी असे, पण एका सोमवारी ती मुद्दाम गेली आणि कुंड रिकामं होताना काठावर बसून राहिली. तळाच्या जाळीतून निघाला तो केसांचा हातभर लांब दोर, त्याला साबणाचा नि तेलाचा बुळबुळीत लगदा. तळ घासणाऱ्या बाईनं सांगितलं, खालून नवं पाणी येतं ते करंगळीएवढ्या धारेनं, कुंड भरायला दिवस आणि रात्र लागते. म्हणजे सकाळी पहिल्या बाईनं जे अंगावरून आत नेलं, त्यात संध्याकाळची शेवटची बाई बसणार. त्या दिवसापासून काकू पाटीकडे बोट दाखवेनाशी झाली. ती नुसतं म्हणायची, ‘ताई, तुमच्या आधी चाळीस जणी बसून गेल्यात. त्या न धुता बसल्या असत्या, तर तुम्ही उतरला असतात?’ बाई मुकाट नळाकडे वळायची.

पंधरा मिनिटांचा नियम तिनं स्वतःवरच तपासला. कुंड उघडायच्या आधी सकाळी आत उतरली, आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, जशी ती इतरांना सांगायची तशी, आणि मानेपर्यंत बसून राहिली. पंधरा मिनिटं झाली तेव्हा तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. अर्ध्या तासानं ती उठायला गेली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. नणंद वेळेवर आली म्हणून बरं. तिनं काखेत हात घालून तिला काठावर ओढलं, तांब्याभर पाणी पाजलं, आणि उकडलेला बटाटा व्हायची हौस असेल तर घरी पातेलं आहे, असं सुनावलं. काकूला त्याचं काही नव्हतं. तिला समजलं होतं की पाण्यात असेपर्यंत काहीच कळत नाही, जे कळायचं ते उठताना कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

डोकं का बुडवू नये ते एका प्रवासी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कोमट-गरम पाण्यात काही जंतू सुखानं नांदतात, आणि नाकातून वर गेले तर भारी पडतात. चांदीचं मात्र काकू स्वतःच शिकली होती. पहिल्याच वर्षी गळ्यातली चांदीची साखळी न काढता ती कुंडात बसली आणि बाहेर आली ती काजळासारखी काळी साखळी घेऊन. राखेनं घासली, टूथपेस्टनं घासली, चिंच लावली. शेवटी जळकं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोडा आणि उकळतं पाणी घालून भिजत ठेवलं होतं, त्यात ती साखळी हातातून निसटून पडली, आणि काढली तर जवळजवळ नव्यासारखी. हे कसं झालं ते तिला अजून नीट माहीत नव्हतं. पण तेव्हापासून ती प्रत्येकीला सांगायची, चांदी काढून टोपलीत ठेवा, पाण्यात नेऊ नका.

आणि याच सल्ल्यानं ती गोत्यात आली.

एका रविवारी गर्दी ओसंडत होती. साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. उंच, ताठ, एका गुडघ्यानं किंचित लंगडणाऱ्या. शेजारच्या विश्रामगृहात तीन दिवस राहून गुडघा शेकायचा त्यांचा बेत होता. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या, त्यामुळे नियमांचं त्यांना वावडं नव्हतं. उलट केस कुठल्या उंचीवर बांधायचे इथपर्यंत त्यांनी विचारून घेतलं. काकूला अशी माणसं फार आवडत. नळावर साबण लावतानाच बाईंनी हातातलं चांदीचं कडं काढलं, ओल्या रुमालात गुंडाळलं, परत येऊन टोपलीत ठेवलं आणि टोपली काकूच्या हवाली केली. वरचे तिन्ही कप्पे भरले होते, म्हणून काकूनं ती मांडणीच्या अगदी खालच्या कप्प्यात सरकवली. हा कप्पा रविवारशिवाय वापरात येत नसे.

बाई शहाण्यासारख्या पंधरा मिनिटं बसल्या, बाहेर आल्या, बाकावर विसावल्या, पुन्हा उतरल्या, मग झग्यावर टॉवेल पांघरून बागेत उन्हाला बसल्या. असं करता करता चार तास गेले. दुपारी त्यांनी बिल्ला दिला, टोपली घेतली, रुमाल उलगडला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

रुमालात एक काळपट कडं होतं. कडेनं निळसर, मध्ये तपकिरी काळं.

‘हे माझं कडं नाही,’ त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता.

काकूनं ते हातात घेतलं. पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही, नवल वाटलं. तिनं विचारलं, आत नेलं होतं का पाण्यात? बाईंनी नाही म्हटलं. पाण्यात काळं पडतं असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून तर काढून ठेवलं. पहिल्या पगाराच्या दिवशी आईनं दिलेलं कडं होतं ते. कामावर हातात चालत नसे, म्हणून छत्तीस वर्षं खिशात वागवलेलं. अंगठ्यानं चोळून चोळून आरशासारखं झालेलं, आणि आतल्या बाजूला केसाएवढी जोडाची रेघ होती. या कड्याला ती रेघ दिसत नव्हती. मग बाईंनी काकूकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली.

व्यवस्थापक आले. त्यांनी काकूची पिशवी तपासली, डबा उघडून पाहिला, अ‍ॅप्रनचे खिसे उलटे केले. सगळ्यांदेखत. काही मिळालं नाही. तरी ते म्हणाले, चौकशी होईपर्यंत मंगळवारपासून येऊ नका. तिकीटखिडकीवरून नणंद उठून आली आणि भांडायला उभी राहिली, पण काकूनं तिला थोपवलं. तिनं एवढंच मागितलं की उद्या सोमवारी कुंड बंद असतं, तेवढा एक दिवस मला सामानघरात बसू द्या. कशाला, असं त्यांनी विचारलं. पाण्याबाहेर राहून ते काळं का पडलं ते मला बघायचंय, काकू म्हणाली. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते, फक्त भित्रे होते. मी स्वतः तिथं बसून राहीन, या अटीवर त्यांनी होकार दिला.

घरी पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकत होतं. दीड-दोन महिने रोजच दुपारनंतर ते ठणकायचं, डोळे चुरचुरायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ती चालढकल करत होती. चहा झाल्यावर तिनं गळ्यातली साखळी काढून ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याला बसमधली पक्कड आणायला सांगितली. त्याला बहिणीकडून सगळं आधीच कळलं होतं. साखळीचे तुकडे करायचे आहेत म्हटल्यावर त्यानं आधी ती तळहातावर घेऊन पाहिली. ती त्यानंच घेतली होती. मग पक्कड तिच्या हातात देत म्हणाला, ‘तोडतेस तर कडीवर नीट धरून तोड. वाकडी तुटली तर सोनार कुरकुर करतो.’

सात तुकडे झाले.

सोमवारी नऊ वाजता काकूनं ते सात तुकडे ओल्या कापसात ठेवून सामानघरात मांडले. मांडणीच्या चार कप्प्यांत चार, एक दाराशी, एक खिडकीत, आणि एक मांडणीच्या खाली, भिंतीलगत सांडपाण्याची जाळी होती तिच्याजवळ. व्यवस्थापक आत बुटक्या स्टुलावर बसले, हातात वर्तमानपत्र, नजर तुकड्यांवर. बुटका स्टूल मांडणीच्या पायथ्याशीच होता. दार-खिडकी रोजच्यासारखी बंद ठेवायची, असं काकूचं म्हणणं. ती स्वतः उंबऱ्याबाहेर बसली, कारण तुकड्यांना हात लावला असं पुन्हा कुणी म्हणायला नको.

अकराच्या सुमारास ती विश्रामगृहावर गेली. परिचारिकाबाई व्हरांड्यात गुडघ्यावर गरम पट्टी ठेवून बसल्या होत्या. काकूला पाहून त्यांचा चेहरा आक्रसला. काकूनं माफी मागितली नाही आणि रडलीही नाही. मी काय मांडून ठेवलंय ते दुपारी येऊन बघा, तुमची नजर इस्पितळातली आहे, माझ्यापेक्षा जास्त दिसेल, असं तिनं सांगितलं. बाई म्हणाल्या, बघते. येते म्हणाल्या नाहीत.

पण एक वाजता त्या आल्या. सामानघराच्या दारात पाऊल टाकताच त्यांचं लक्ष चांदीकडे गेलंच नाही. ते गेलं व्यवस्थापकांकडे. त्यांचे डोळे लालबुंद झाले होते, वर्तमानपत्र खाली पडलं होतं आणि दोन बोटांनी ते कपाळ दाबत होते.

‘डोकं कधीपासून दुखतंय?’ बाईंनी विचारलं.

‘तासाभरापासून. वाचल्यामुळे असेल.’

‘बाहेर या. आत्ता या.’ हा आवाज निराळा होता, वॉर्डातला. व्यवस्थापक शाळकरी मुलासारखे उठून बाहेर आले. बाईंनी खिडकी उघडायला लावली आणि काकूकडे वळल्या. ‘आणि तुमचं?’

काकूनं सांगितलं, रोजच दुखतं, दोन महिने झाले.

‘डोळे?’

‘चुरचुरतात. पण इथं वास तर सगळीकडेच आहे, सिस्टर. नासक्या अंड्याचा. पहिल्या आठवड्यातच त्याची सवय होते.’

‘तीच तर गोम आहे. तो वास वायूचा असतो. सवय झाली की नाक सांगायचं बंद करतं, आणि वायू वाढला तरी कळत नाही.’

मग त्यांनी आणि काकूनं मिळून तुकडे बाहेर उजेडात आणले आणि पांढऱ्या टॉवेलवर ओळीनं ठेवले. खिडकीतला जवळजवळ होता तसाच. दाराशी ठेवलेला आणि वरच्या कप्प्यातला जरासे पिवळसर. त्याखालचा मधासारखा, त्याखालचा तपकिरी, सगळ्यात खालच्या कप्प्यातला निळसर काळा. आणि जाळीजवळचा कोळसा. टॉवेलवर जणू पायऱ्या उतरत गेल्या होत्या, आणि शेवटची पायरी त्या जाळीत होती. व्यवस्थापक वाकून पाहत राहिले.

नळकाम करणाऱ्याला बोलावलं. त्यानं जाळी उचलली, बॅटरी मारली आणि हसला. खाली पाइपाला वाकडं कोपर असतं, त्यात वीतभर पाणी कायम साठून राहतं, तेच बुचाचं काम करतं. ते पाणी आटलं की कुंडाच्या सांडपाण्यातला वास उलटा वर येतो. इथं फरशीवर पाणी पडत नाही का, असं त्यानं विचारलं. काकूनं मनाशी हिशेब केला. दोन महिन्यांपूर्वी सामानघरात नवी जाड रबरी चटई आली होती. तेव्हापासून फरशी धुणं बंद झालं होतं, चटई नुसती झाडायची. नळवाल्यानं दोन बादल्या पाणी जाळीत ओतलं. घटघट आवाज झाला आणि थांबला. इतकंच काम होतं. त्यानं मजुरीही घेतली नाही, चहा घेतला.

काकूचं मात्र समाधान झालं नव्हतं. तिनं मंगळवारी तेच सात तुकडे पातेल्यात सोडा घालून साफ केले आणि पुन्हा त्याच सात जागी ठेवले. संध्याकाळपर्यंत सातही तुकडे पांढरे राहिले. तेव्हा ती ‘हां’ म्हणाली. चौकशी होईपर्यंत येऊ नका असं सांगितलेलं असूनही ती मंगळवारी कामावर आली होती, हे व्यवस्थापकांच्या लक्षात आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं नाही.

त्याच दिवशी विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात परिचारिकाबाई कडं घेऊन आल्या. काकूनं अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा आणि चिमूटभर मीठ टाकलं, वर उकळतं पाणी ओतलं आणि कडं आत सोडलं. तोच नासक्या अंड्याचा वास पुन्हा पाण्यातून वर आला. दोघींनी एकदमच नाक पुढे केलं आणि एकदमच मागे घेतलं.

‘बघा, आत शिरला होता तो बाहेर येतोय,’ काकू म्हणाली. ‘पण पातेलं स्टीलचं घेतलं तर येत नाही. का ते कळत नाही. तुम्हाला माहीत आहे?’

बाईंना माहीत नव्हतं. त्यांना शिकवलं होतं, पण चाळीस वर्षांपूर्वी, आणि परीक्षेपुरतं. दोन वेळा पाणी बदलल्यावर कडं पांढरं झालं. बाईंनी ते पुसलं, खिडकीपाशी नेलं आणि आतल्या बाजूनं फिरवत गेल्या. एका जागी त्यांचा अंगठा थांबला. केसाएवढी रेघ होती.

त्या परत येऊन पाटावर बसल्या. म्हणाल्या, ‘मी तुम्हाला चोर म्हटलं नव्हतं.’

‘म्हटलं नव्हतं,’ काकू पातेलं विसळत म्हणाली. ‘बघितलं होतंत.’

‘हो. बघितलं होतं.’ बाई म्हणाल्या. ‘वॉर्डात कुणी रोग्यांच्या नातेवाइकांकडे तसं बघितलं, की मी रागवायचे.’

काकूनं हात पुसले. मनात घर करून बसलेलं काहीतरी हललं, पण लगेच निघून गेलं असं नाही. तुमच्या जागी असते तर मीही तसंच बघितलं असतं, कारण दुसरं काही कारण समोर नव्हतंच, असं ती म्हणाली. ते खरंही होतं, आणि बाईंना हलकं वाटावं म्हणूनही होतं. निघताना बाईंनी ड्रायव्हरसाहेबांना द्या म्हणून साखळी जोडून घेण्याचा खर्च पुढे केला. काकूनं तो घेतला नाही. त्याऐवजी तिनं त्यांच्याकडून चांगली अर्धी दुपार काढून घेतली. वायू जड असतो की हलका, तो दिसत का नाही, नाक थकतं म्हणजे नेमकं काय थकतं, गुडघ्याला शेक लागतो तेव्हा आत काय होतं. बाईंनी जमेल तितकी उत्तरं दिली आणि उरलेल्यांसाठी बुधवारचा आणखी एक दिवस मुक्काम वाढवला. गुडघ्यासाठी, असं त्यांनी घरी फोनवर सांगितलं.

व्यवस्थापकांनी काकूची माफी कधी मागितली नाही. पण पुढच्या आठवड्यात सामानघरात एक छोटा पंखा बसला, आणि रोज सकाळी जाळीत दोन तांबे पाणी ओतायचं असा हुकूम निघाला. पाटी रंगवून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी काकूला बोलावून विचारलं, काही बदलायचंय का. तिनं प्रत्येक नियमाखाली बारीक अक्षरात कारण लिहून घेतलं. पाटी दुप्पट लांब झाली, ती वाचायला बायका दाराशी गर्दी करायला लागल्या आणि नणंद तिकीटखिडकीतून ओरडायला लागली की रांग अडतेय. मोठ्यानं बोलू नये, याखाली मात्र जागा रिकामी राहिली. काकूनं पुष्कळ विचार केला. आवाजानं पाण्याचं काही बिघडत नाही. शेवटी तिनं रंगाऱ्याला सांगितलं, ‘लिहा, शेजारणीलाही तिचं काहीतरी ऐकायचं असेल.’

परवा एक तरुण प्रवासी मुलगी कुंडातून बाहेर आली, अंग लालसर, केस वर बांधलेले, आणि ओलेत्यानंच काउंटरशी येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, बाहेर आल्यावर पुन्हा साध्या पाण्यानं अंग धुवायचं की तसंच कोरडं करायचं? पाटीवर लिहिलेलं नाही.

‘नाही लिहिलेलं,’ काकू म्हणाली, ‘कारण मलाच अजून ठाऊक नाही. निम्म्या म्हणतात, धुवू नका, पाण्यातलं औषध जातं. निम्म्या म्हणतात, धुवा, नाहीतर खाज येते.’

तिनं बाह्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. ‘दहा दिवस झाले. रोज दोन्ही बुडवते, मग उजवा धुते, डावा तसाच ठेवते. जरा हात लावून सांगा, काही फरक वाटतो का?’

मुलीनं आधी एका हातावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या, आणि पुन्हा पहिल्यावर आली. मागे रांग थांबली होती. रांगेतली दुसरी बाई चष्मा लावून पुढे वाकली.